पान ३३: एका गुरुजींच्या संग्रहातली सही

बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्राच्या हद्दीला पाठ टेकून बसलेलं एक गाव आहे. नाव सांगत नाही; घरच्यांनी तेवढी एकच अट घातली होती. तिथल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी वारले, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांच्या धाकट्या मुलाचा मला फोन आला. "सर, माळ्यावर पप्पांची पुस्तकं हाईत ओ. लई जणांच्या सह्या हाईत त्यावर. पाऊस लागायच्या आधी एकदा बघून जातासा काय?"

मी गेली सव्वीस वर्षं सह्यांची पुस्तकं जमवतो. जाणकार वगैरे नाही, बँकेतला कारकून होतो. पण आमच्याकडे जुनी ट्रंक उघडली की कोणाला तरी बोलवावं लागतं, आणि हळूहळू तो 'कोणीतरी' मी झालो.

जाताना मनाशी एक गोष्ट पक्की ठेवतो. आमच्या भागात कुठल्याही सहीमागची कहाणी पटण्यासारखीच असते. पु. ल. देशपांडे इथे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. इंदिरा संत २००० साली गेल्या, त्यांचं बरंचसं आयुष्य याच शहरात गेलं. कुमार गंधर्व १९२४ सालचे, जन्म शेजारच्या सुळेभावीचा. त्याच १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन, त्यामुळे कुठल्याही घरात जुनी वही निघाली की पहिला प्रश्न हाच: "गांधीजींची सही असंल काय बघा की." (पुढे हरिजन फंडासाठी ते सहीचे पाच रुपये घ्यायचे. त्यांच्याइतका रोखठोक सही देणारा माणूस मला दुसरा माहीत नाही.) तेव्हा "आमच्या आजोबांना अमक्यांनी स्वतः सही करून दिली" हे वाक्य इथे कोणीही म्हणावं आणि कोणालाही खरं वाटावं. खोट्या मालाला याहून चांगली जमीन मिळत नाही.

माळ्यावर ४१२ पुस्तकं निघाली. त्यांतल्या ६३ प्रतींवर लेखकाची सही होती. शिवाय दोन स्वाक्षरीवह्या, गुलाबी-निळ्या-पिवळ्या पानांच्या, एकोणीस निमंत्रणपत्रिका, अकरा पोस्टकार्डं, आणि बिस्किटाच्या डब्यात कॅसेटचे कागद, त्यांतल्या तीनांवर गायकांच्या सह्या. गुरुजी हौशी होते आणि शिस्तीचेही. प्रत्येक पुस्तकाच्या पान ३३ वर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक आकडा. वाचनालयात गुप्त पान ठेवतात ना, कुठल्या तरी ठरावीक पानावर शिक्का मारतात म्हणजे पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कोणाचं ते कळतं, तसं. मी तो आकडा पहिल्या दिवशी पाहिला आणि कौतुक करून सोडून दिला. तिथेच माझं चुकलं.

संग्रहाचा मोठा भाग सीमाभागातल्या साहित्य संमेलनांचा होता. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी या गावांतून दर हिवाळ्यात एक दिवसाचं मराठी संमेलन भरतं. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षांचं भाषण, दुपारी जेवण, कथाकथन, संध्याकाळी कविसंमेलन. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा येतो आणि उतरतो कोणाच्या तरी घरी. गुरुजी वर्षानुवर्षं अशा पाहुण्यांची पुस्तकं आधी विकत घ्यायचे आणि दुपारच्या पंगतीनंतर पुढे करायचे. म्हणून बहुतेक प्रतींवर गुरुजींचं नाव, गावाचं नाव आणि तारीख होती. ६३ पैकी ५८ प्रती अशा नाव घातलेल्या; नुसती सही असलेल्या पाचच.

त्या पाचांतली एक प्रत म्हणजे हे प्रकरण.

रणजित देसाईंची 'स्वामी'. वाचनालयात घालतात तसली जाड रेक्झिनची बांधणी, त्यामुळे मूळ मुखपृष्ठ-मलपृष्ठ गायब. नुसतं पुस्तकाचं नाव छापलेल्या पहिल्या पानावर 'सप्रेम', खाली सही, खाली १९६४ सालची तारीख. देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. गुरुजींच्या गावाहून कोवाड सायकलच्या टप्प्यात. पुस्तक पहिल्यांदा निघालं १९६२ साली आणि १९६४ सालीच त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरुण शिक्षक सायकल हाणत कोवाडला जातो आणि पुरस्काराच्या वर्षीची सही घेऊन येतो. कहाणी अशी गोड होती की मला खरी असावी असंच वाटत होतं.

भिंग लावलं. छापील सही असेल तर भिंगाखाली बहुधा बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. इथे ठिपके नव्हते. शाईची सलग रेघ. "हातानं केलेली आहे," मी म्हणालो. धाकट्याने त्याचा अर्थ "खरी आहे" असा घेतला, आणि खरं सांगायचं तर मीही तो खोडून काढला नाही. भिंगाला एवढंच कळतं की सही छापलेली नाही. कोणाच्या हाताची, हे भिंग सांगत नाही. ही साधी गोष्ट मी दुसऱ्या कितीतरी लोकांना समजावली आहे. पण त्या दिवशी काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, लाल भाताबरोबर गरम आमटी वाढली होती आणि माझं मन मऊ झालं होतं.

आठवड्याभरात धाकट्याने जुनी पुस्तकं घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला बोलावलं. तो आला, सगळं चाळलं, आणि त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: 'स्वामी'चे नऊ हजार देतो, पण आधी आठ दिवस गिऱ्हाइकाला दाखवायला नेतो. दुसरी: बाकीच्या प्रतींना भाव नाही, कारण त्यांवर "तुमच्या वडिलांचं नाव पडलंय". नावाची ओळ ब्लेडने खरवडली किंवा पानाची ती पट्टी कापली तर बघू. थोरल्या भावाला हे पटलंही. तो हुबळीला असतो, घर दुरुस्तीला आलेलं आहे, आणि वडिलांच्या पुस्तकांचं तोंडही त्याने कधी पाहिलं नव्हतं.

नवव्या दिवशी पुस्तक परत आलं. गिऱ्हाईक म्हणे "प्रमाणपत्र" मागतंय. ते सरांकडून लिहून घ्या. म्हणजे माझ्याकडून.

या खेपेला मी जेवायला थांबलो नाही. प्रत घरी आणली आणि टेबलावर दिव्याखाली ठेवली. शिलाईपाशी बघतो तर सहीच्या पानापुढचं पान कापलेलं. मुख्य शीर्षकपानच नव्हतं, म्हणजे त्याच्या पाठीवरची आवृत्ती, साल, मुद्रक, किंमत, सगळं गेलेलं. जुन्या पुस्तकाचं पान आपसूक सुटतं तेव्हा कडा चुरगळते, पिवळी असते. इथे कड सरळ आणि पांढरी, ताज्या पात्याची. सहीचं पान जपलेलं आणि सालाचं पान गेलेलं. असं पुस्तक हातात आलं की वाचायची घाई करू नये.

साल कापून टाकता येतं, पण पुस्तक आपलं वय इतर पानांवर सांगतच असतं. १९६४ सालचं मराठी पुस्तक खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेलं असणार. खिळा कागदात रुततो. पान उलटून पाठीमागून बोट फिरवलं तर अक्षरांचे बारीक उंचवटे लागतात. आंधळ्यालाही कळेल असा पुरावा. या प्रतीची पानं पाठीमागून गुळगुळीत होती, म्हणजे ऑफसेट, खिळ्यांशिवायची छपाई. आणि अक्षरवळण संगणकावरचं, जे मराठी पुस्तकांत साधारण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून दिसू लागतं. शेवटच्या पानावर प्रकाशनाच्या इतर पुस्तकांची यादी, खाली पत्ता, पत्त्यात सहा आकडी पिनकोड. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याआधीच्या पुस्तकांवर 'पुणे २', 'पुणे ३०' असं असतं. व्यापाऱ्याने सालाचं पान कापलं आणि शेवटचं विसरला.

शाई तर त्याहून बोलकी. दौतीच्या शाईची रेघ भिंगाखाली कागदाच्या तंतूंतून किंचित पसरलेली दिसते. बॉलपेनने कागदावर चर पडते आणि मधेमधे शाईच्या गुठळ्या राहतात. इथे रेघ एकसारखी, गडद, चर नाही, गुठळी नाही: जेल पेन. ते जपानात आलं १९८४ साली, आणि आपल्याकडच्या शाळकरी पोरांच्या खिशात नव्वदच्या दशकात. रणजित देसाई ६ मार्च १९९२ रोजी गेले.

(इथे सीमाभागातल्या दोन खुणाही सांगून ठेवतो, या प्रतीत लागल्या नाहीत, एरवी फार उपयोगी पडतात. राज्याचं नाव म्हैसूर होतं ते १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झालं. १९६५ सालच्या म्हणवणाऱ्या मजकुरात 'बेळगाव, कर्नाटक' असं दिसलं तर दोनदा बघावं. आणि जुन्या माणसांचे अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी 'बेळगांव'मधला, 'नांव'मधला टिंब काढला, पण हाताची सवय नियमाने सुटत नाही; ज्यांचं शिक्षण आधी झालं ते नंतरही कितीतरी वर्षं टिंब देत राहिले. १९५० च्या तारखेखाली आजच्यासारखं स्वच्छ शुद्धलेखन म्हणजे फसवणूक असंच नाही, पण मला ते खटकतं.)

तर सही देसाईंची नव्हती. मी धाकट्याला फोन करून सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे त्या व्यापाऱ्यानं केली काय ओ?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण व्यापारी यायच्या आधी ती सही मी स्वतः पाहिली होती. मग कोणी?

तेव्हा मी पान ३३ उघडलं. सगळ्या पुस्तकांवर साधा आकडा होता. इथे होतं: ११८ अ.

आकडा आहे म्हणजे वही असणार. माळ्यावर ती नव्हती. काकूंना विचारलं तर त्या आतून लांबट, कापडी पाठीची वही घेऊन आल्या. ती त्यांच्या पोथ्यांत होती, कारण वहीच्या मागच्या पानांवर त्या दुधाचा हिशेब लिहीत. पुढून गुरुजींची दाखल नोंद: क्रमांक, पुस्तक, कुठून आलं, किंमत, शेरा. ११८ समोर 'स्वामी', किंमत, आणि शेऱ्यात 'कोवाड, स्वतः'. मग ती ओळ तांबड्या शाईने आडवी खोडलेली. खाली ११८ अ: 'मूळ प्रत वाचावयास नेली. परत आली नाही. नवीन प्रत घेतली. पहिल्या पानावरील मजकूर आठवतो तसा उतरविला. स्मरणार्थ.' प्रत कोणी नेली तिथे एक नाव होतं, आणि त्यावर निळ्या शाईने इतकं घोटलेलं की कागद फाटायला आला होता. नाव आधी लिहिलं असणार आणि पुढे कधीतरी, कदाचित भेटीगाठी पुन्हा सुरू झाल्यावर, खोडलं असणार. काकूंना माहीत असावं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे की रे बाबा आता."

वहीतला 'ज' आणि सहीतला 'ज' एकच होता. खाली येऊन डावीकडे मुरका घेणारा.

एवढी वर्षं मी खोट्या सह्यांना दोनच रकान्यांत घालत आलो होतो: छापील आणि लबाडीच्या. हा तिसरा रकाना मला नवा होता. गुरुजींनी कोणालाही फसवलं नव्हतं. आपल्या वहीत आपल्या हाताने काय केलं ते लिहून ठेवलं होतं, वर 'अ' लावून मूळ प्रतीपासून तिला वेगळंही काढलं होतं. लबाडी पुढे झाली, वही आणि पुस्तक यांची ताटातूट झाल्यावर. आणि तिला माझ्या पहिल्या दिवसाच्या "हातानं केलेली आहे"ने हातभार लावला.

कापलेल्या पानाचा उलगडा दोन आठवड्यांनी झाला. सुनेने व्यापारी यायच्या आदल्या दिवशी 'स्वामी'च्या पहिल्या चार पानांचे फोटो काढून पुण्याच्या नणंदेला व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. त्यांत पुनर्मुद्रणाचं साल स्पष्ट वाचता येत होतं, लेखकाच्या निधनानंतरचं. धाकट्याने तो फोटो व्यापाऱ्याला पाठवला. "पान आधीच सुटलेलं होतं," असं उत्तर आलं आणि पुढे फोन उचलणं बंद.

आता नावांचा प्रश्न, ज्यावर घरात खरा वाद झाला.

बाजाराचं गणित व्यापाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. ज्याला पुस्तक दिलं तो अनोळखी असेल तर नुसत्या सहीपेक्षा नाव घातलेली प्रत स्वस्त जाते. तो स्वतः नावाजलेला असेल तर उलट भाव चढतो. आमचे गुरुजी बाजाराच्या लेखी अनोळखी. पण ५८ प्रती एका ओळीत लावून मी थोरल्याला दाखवल्या: कुठलं गाव, कुठलं वर्ष, कोण पाहुणा. या गावांतल्या संमेलनांची छापील कागदपत्रं घरोघर पावसाने आणि कसरीने खाल्ली. कोणत्या वर्षी कोण आलं, हे कित्येकदा आयोजकांनाही सांगता येत नाही. इथे ते लेखकांच्या हातचं, तारखेसह होतं. शिवाय नाव, गाव, तारीख आणि पंगतीनंतरच्या घाईतलं तिरकं अक्षर, एवढं सगळं बनवायला कोणी बसत नाही. बनवणारा नुसती सही करतो. संशय आला तो नाव नसलेल्या प्रतीवरच, हे थोरल्याने स्वतः ओळखलं. "मग पप्पांचं नाव हाय म्हणून ही खरी," तो म्हणाला. अगदी तसंच नाही, पण मी वाद घातला नाही.

नावाची पट्टी कापायचं बारगळलं.

बाकीच्या ऐवजाबद्दल थोडक्यात. एका गायकाचा सहीचा फोटो भिंगाखाली ठिपक्यांचा निघाला. तसे फोटो चाहत्यांना वाटायला छापतात. कॅसेटच्या कागदांवरच्या तिन्ही सह्या स्केचपेनच्या आणि फिकट झालेल्या. त्या उजेडापासून दूर, पाकिटात ठेवल्या. एक निमंत्रणपत्रिका गुरुजींनीच प्रेमाने लॅमिनेट केली होती. तिच्यातली सही आता कायमची प्लॅस्टिकमध्ये अडकली, सोडवायला गेलं तर शाई निघते. चिकटपट्टीने जोडलेली चार पानं तपकिरी पडली होती. तीही तशीच ठेवली, ओढली नाहीत. डांबरगोळ्या पुस्तकांना टेकवून ठेवल्या होत्या, त्या काढून कापडी पुरचुंडीत बांधल्या आणि कपाटाच्या तळाला टाकल्या. पुस्तकं उन्हात नको, सावलीत वाऱ्याला चार दिवस, पानं उलटत. हे काम काकू आणि सुनेने केलं, माझ्यापेक्षा चांगलं केलं.

पोस्टकार्डांचं एक सांगायला हवं. अकराही एकाच कथालेखकाची, गुरुजींना लिहिलेली. थोरल्याला ती छापायची होती, गुरुजींच्या स्मरणार्थ पुस्तिका म्हणून. कार्डं घरच्यांची, पण त्यांतला मजकूर लिहिणाऱ्याचा. लेखक गेल्यावर साठ वर्षं तो हक्क वारसांकडे असतो. वारसांना पत्र लिहायला सांगितलं. उत्तर आलं, आणि ते चांगलं आलं, पण ती त्यांची खाजगी बाब.

व्यापाऱ्याने देऊ केलेले नऊ हजार कोणी घेतले नाहीत, म्हणजे घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नाव घातलेल्या ५८ प्रती गावच्या वाचनालयाला द्यायचं ठरलं, वहीच्या झेरॉक्ससह. मूळ वही काकूंकडे, कारण दुधाचा हिशेब अजून चालू आहे. स्वाक्षरीवह्या पुण्याच्या लेकीने मागून घेतल्या. ११८ अ धाकट्याने स्वतःकडे ठेवली. आत पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहून लावली आहे: ही सही वडिलांच्या हातची आहे, मूळ पाहून आठवणीने उतरवलेली, पहा दाखल वही. मी त्याला "विकू नकोस" असं म्हणालो नाही. चिठ्ठी काढू नकोस, एवढंच सांगितलं.

मूळ ११८ खिळ्यांवर छापलेली असणार, आणि तिच्या पान ३३ वर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने तो आकडा असणार. पहिलं पान राहिलं असेल किंवा नसेल. गेल्या दिवाळीनंतर उचगावला एका लग्नघरी धाकटा मला भेटला. माजघरात काचेचं कपाट होतं, त्यात जाड, जुनी 'स्वामी'. आमचं बोलणं अर्धवट टाकून तो उठला, यजमानांना विचारून कपाट उघडलं, पान उलटून पाठीवरून बोट फिरवलं, आणि मग ३३ काढलं.

कोपरा कोरा होता. पुस्तक जागेवर ठेवून तो पंगतीला आला.